‘मेडिकलच्या जवळचं’ म्हणून विषय घेऊ नकोस

"मेडिकल थोडक्यात हुकलं. आता बायोटेक, मायक्रोबायोलॉजी आणि संख्याशास्त्र यांपैकी मेडिकलच्या सर्वांत जवळचं काय?" हा तुझा प्रश्न वाचला आणि पोटात तोच जुना गोळा आला. एकेरीत लिहितेय, राग मानू नकोस. फॉर्म, कागदपत्रं, याद्या यांबद्दल काही लिहीत नाही. ते आत्ता तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

मी ‘जवळचं’ म्हणूनच बायोटेक घेतलं होतं. विषय चांगला आहे (आधीच सांगते, नाहीतर बायोटेकवाले धावून येतील). कारण चुकीचं होतं. हुकलेल्या गोष्टीची नक्कल शोधत होते मी, आणि नक्कल रोज अस्सलची आठवण करून देते.

पण माझं खरं वर्ष गेलं ते यामुळे नाही. प्रवेश घेण्याआधी मी खिडकीवर विचारलं होतं, "नाही जमलं तर वर्षभराने विषय बदलता येतो का?" आतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "येतो की. आधी प्रवेश तर घ्या." त्या ‘येतो की’वर मी विसंबले. वर्ष संपल्यावर अर्ज घेऊन त्याच खिडकीवर गेले तर तिथे दुसऱ्या बाई. त्यांनी नियमावली काढून त्यावर बोट ठेवलं: पहिल्या वर्षात गणिताचा पेपर झालेला हवा, आणि अर्ज पहिली सेमिस्टर संपायच्या आत. दोन्ही नाही. "येतो असं कोण म्हणालं तुम्हाला?" काय सांगणार? नाव विचारलं नव्हतं, लेखी काही नव्हतं. ती नियमावली वर्षभर त्याच कपाटात होती, आणि मी ती एकदाही मागितली नव्हती. चिडले त्यांच्यावर, पण निम्मी चूक माझी होती. (बरं, निम्मी नाही. चाळीस टक्के.) शेवटी संख्याशास्त्राला पहिल्या वर्षापासून पुन्हा बसले.

संख्याशास्त्रच का, तर एका प्रॅक्टिकलमुळे. पाण्याचा नमुना दहा-दहा पट पातळ करत जायचा, पेट्री डिशमध्ये पसरायचा, उबवायचा आणि दुसऱ्या दिवशी डिश पालथी धरून मार्करने टिंबं देत कॉलन्या (जिवाणू वाढून झालेले, डोळ्यांना दिसणारे ठिपके) मोजायच्या. आकडा 30 ते 300च्या मध्ये असेल तरच ती डिश हिशेबात धरायची. एकाच नळीतल्या तीन डिशमध्ये मला 61, 74 आणि 58 मिळाल्या. सरासरी लिही आणि सबमिशन संपव, असं सगळ्यांचं म्हणणं. मी तिथेच अडकले. मोजताना चुकले, की एवढा फरक पडणारच होता? कॉलन्या कुठल्या जिवाणूच्या आहेत याचं मला फारसं काही वाटत नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं. पुढे पॉयसाँ वितरण (अशा मोजणीत निव्वळ योगायोगाने आकडे किती हलतात ते सांगणारं गणित) शिकले तेव्हा उत्तर मिळालं: सरासरी 64च्या आसपास असेल तर आठाने इकडेतिकडे होणं अगदी साहजिक आहे.

म्हणून तुला ‘जवळचं’ हा शब्दच सोडायला सांगेन. मेडिकलमध्ये तुला नेमकं काय हवं होतं? माणसांशी बोलणं, हाताचं काम, निदानाचं कोडं, की ‘डॉक्टर’ ही हाक? शेवटचं असेल तरी लाजू नकोस, फक्त स्वतःशी कबूल कर. कोडं हवं असेल तर ते संख्याशास्त्रातही आहे. माणसं हवी असतील तर तुझ्या तीन पर्यायांपैकी एकातही ती फारशी नाहीत. नर्सिंग, फिजिओथेरपी, मानसशास्त्र बघ.

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांना डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्षयाने गाठलं आणि ते राहिलं. पत्राद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली, मग वैद्यकीय आकडेवारीत शिरले. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या 1948 साली प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या चाचणीत कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायची पद्धत त्यांची. 1950 मध्ये रिचर्ड डॉल यांच्यासोबत त्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. गंमत म्हणजे डॉल यांना आधी गणित शिकायचं होतं, पण हवी ती शिष्यवृत्ती हुकली म्हणून ते मेडिकलला गेले. ही उदाहरणं देऊन ‘सगळं छान होतं’ असं मला म्हणायचं नाही. माझं वर्ष परत आलेलं नाही.

आता कामाचं. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बघू नकोस, तो सगळीकडे सारखाच गोड दिसतो. तिसऱ्या वर्षाची प्रश्नपत्रिका मिळव. उत्तरं येणार नाहीतच, पण कुठला प्रश्न वाचून ‘हे कसं काढत असतील?’ असं वाटतं ते बघ. एकाही प्रश्नाला वाटलं नाही, तर तो विषय सोड. तिथल्या मुलांना ‘कसं आहे?’ विचारलं तर ‘मस्त’ म्हणतात. त्यापेक्षा कालचा दिवस कसा गेला ते तासातासाने विचार.

पुन्हा परीक्षा द्यायची का, यावर मी बोलणार नाही. मी दिली नाही, आणि घरची परिस्थिती तुझी तुलाच माहीत. फक्त एक: पुन्हा देणार असशील तर ‘हातात असू दे’ म्हणून ज्यात रोज प्रॅक्टिकल आहे असा कोर्स घेऊ नकोस. दोन्हीकडे हाल होतात. आणि मूळ प्रमाणपत्रं कुणी ठेवून घेत असेल तर पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

विषय बदलण्याबद्दल तोंडी विचारूच नकोस. आज रात्रीच ईमेल टाक: "पहिल्या वर्षानंतर अमुक विषयातून तमुक विषयात जाता येते का, त्यासाठी कोणते पेपर झालेले असावे लागतात आणि अर्जाची मुदत काय, हे नियम क्रमांकासह कळवावे." उत्तर आलं नाही, तर बदल मिळत नाही असं धरून चाल आणि त्या हिशेबानेच विषय निवड.