सायलेन्सरजवळचं फायबर मऊ का पडतं?

प्रश्न : आमची फायबरची होडी आहे, आठ वर्षं झाली. सायलेन्सरचा पाईप जिथून बाहेर काढलाय तिथलं फायबर तपकिरी पडलंय, इंजिन चालू असताना अंगठ्यानं दाबलं तर दबतं आणि थंड झालं की परत कडक. मिस्त्री म्हणतो अजून चार लेयर मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) मारू. पण काच तर भट्टीत पण टिकते, मग हे मऊ कसं पडतं?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : काच टिकतेच हो, ती मऊ व्हायला ८०० डिग्रीच्या वर जावं लागतं. ढिलं पडतंय ते रेझिन, म्हणजे काचेचे धागे एकत्र चिकटवून धरणारं रसायन. होडीला वापरतात ते साधं पॉलिस्टर रेझिन ६० ते ८० डिग्रीच्या आसपासच नरम व्हायला लागतं, आणि इंजिनातून येणारा धूर तर काहीशे डिग्रीचा असतो!

आता म्हणाल काच शाबूत आहे तर ताकद का जाते. खराटा आठवा. बांधणी ढिली झाली तरी एकेक हीर ओढून तुटत नाही, पण खराटा जमिनीवर टेकवून दाबा, सगळे हीर फाकतात. तसंच इथे, ओढ काच घेते पण दाब आणि वाक सोसायला धाग्यांना रेझिनचा आधार लागतो, तो गेला की काच असून नसल्यासारखी.

आणि अजून एक गोची म्हणजे फायबरमधून उष्णता लवकर पसरत नाही, लोखंडापेक्षा शंभर पटीहून जास्त हळू, त्यामुळे लोखंडी पत्रा असता तर ताप सगळीकडे वाटला गेला असता, इथे तो पाईपच्या भोवती वीतभर जागेतच साठून राहतो. म्हणून चार लेयर वर चढवून पाईपजवळचा थर तितकाच तापणार, उलट तो ताप बाहेर निघायला अजून जाड भिंत. मिस्त्रीचं इथे मला पटत नाही. जाडी वाढवली की कडकपणा वाढतो हे खरं (मॅट आणि रेझिनचे थर जमून झालेलं लॅमिनेट लोखंडापेक्षा साधारण २५ पट लवचीक, म्हणून होडीला जाडी लागतेच) पण तो थंड असतानाचा हिशोब झाला.

मऊ होऊन परत कडक होतंय तोवर ठीक, पण तपकिरी झालेलं रेझिन जळलंय, ते काही परत येत नाही. नाणं घेऊन टकटक करत जा, टणटणीत आवाज येतो ती जागा चांगली, बद्द आवाज आला की आत थर सुटलेत. खडूनं खूण करा आणि चांगलं लागेपर्यंत ग्राइंड करून काढून टाका, मास्क लावून हां, ती पूड फार वाईट. मग तेवढ्या भागाला व्हिनाइल एस्टर रेझिन घ्या, ते १०० डिग्रीच्या आसपासपर्यंत दम धरतं. महाग आहे पण लागणार किती, चार-पाच किलो.

तरी खरं काम पाईपचं आहे. पाईप फायबरला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं तरी हवेला जागा ठेवा आणि पाईपला सिरॅमिक वूल (ताप अडवणारी लोकरीसारखी पट्टी) गुंडाळा, नाहीतर व्हिनाइल एस्टर पण जळेल.

पावसात होडी वर काढल्यावर हे काम करत असाल तर शेड पाहिजेच, ओल्या मॅटला रेझिन धरत नाही. आणि रेझिन घट्ट करायला त्यात घालतात ते कोबाल्ट नि हार्डनर कधीच थेट एकमेकांत ओतू नका, स्फोट होतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचं आणि हार्डनर सगळ्यात शेवटी.