जबड्याच्या सांध्याचा बदललेला आकार

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. भाकरी चावताना उजव्या कानासमोर करकर आवाज येतो. पूर्वी तेथे दुखत असे, आता जवळजवळ दुखत नाही. तरीही सीबीसीटी स्कॅनच्या (जबड्याच्या हाडांचे त्रिमितीय चित्र देणाऱ्या क्ष-किरण तपासणीच्या) अहवालात सांध्याचे टोक सपाट झाले असून पुढच्या कडेला हाड वाढले आहे, असे लिहिले आहे. हा आकार पूर्ववत होईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सपाट झालेले टोक पुन्हा गोलाकार होईल, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, परंतु एवढ्यावरून आजार वाढतच चालला आहे, असा निष्कर्षही काढू नये.

खालच्या जबड्याचे हाड कानासमोर ज्या टोकाशी संपते, त्याला कंडाइल म्हणतात. प्रौढ माणसात ते आडवे साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते. त्याच्या आणि कवटीच्या हाडाच्या मध्ये एक मऊ चकती असते. चकती सरकल्यामुळे, रात्री दात आवळण्याच्या सवयीमुळे किंवा जुन्या दुखापतीमुळे सांध्यावर त्याच्या सोसण्यापलीकडचा भार पडू लागला, की पृष्ठभागावरील कूर्चा (हाडाच्या टोकावरचे लवचिक आवरण) झिजते आणि तिच्याखालच्या हाडाची बाहेरची घट्ट कड तुटून तेथे खड्डे पडतात. मग झिजलेला भाग सपाट होतो, खालचे हाड घट्ट होऊन स्कॅनमध्ये अधिक पांढरे दिसते आणि पुढच्या कडेला चोचीसारखी वाढ होते. ही वाढ म्हणजे गाठ नव्हे. भार सोसणाऱ्या हाडाने स्वतःला दिलेला तो नवा आकार आहे. अनेकदा समोरचा कवटीचा उंचवटाही सपाट होतो.

आकार आणि वेदना यांचा मेळ या सांध्यात फारसा बसत नाही. खूप बदललेला सांधा निमूटपणे काम करतो, तर जवळजवळ नेहमीसारखा दिसणारा सांधा तीव्र दुखू शकतो. म्हणून अहवालात ‘सपाट’ या शब्दापेक्षा हाडाची बाहेरची कड अखंड आहे की तुटलेली, हे आपल्या दंतवैद्यांना आवर्जून विचारावे. कड अखंड असेल, तर झीज बहुधा स्थिरावली आहे. ती तुटलेली असेल, तर प्रक्रिया अजून चालू असण्याची शक्यता अधिक असते.

माझ्या मते आपण खरे लक्ष दात जुळण्याकडे द्यावे. कंडाइलची उंची घटली, तर हनुवटी त्या बाजूला झुकते आणि त्या बाजूच्या दाढा आधी टेकू लागतात. दोन्हीकडची उंची घटल्यास समोरच्या दातांत फट पडते. असा बदल दिसल्यास तो दातांचा वरचा भाग यंत्राने घासून कमी करून किंवा नवीन कॅप बसवून घाईने दुरुस्त करू नये, कारण सांधा स्थिरावण्यापूर्वी केलेले असे काम पुढे पुन्हा बिघडू शकते.

त्रास नसताना वारंवार स्कॅन करण्याची गरज नाही. मात्र तोंड कमी उघडू लागले, दात जुळण्याची पद्धत बदलली किंवा हातापायांचे सांधेही सकाळी आखडू लागले, तर लवकर तपासून घ्यावे. शेवटच्या लक्षणात संधिवातज्ज्ञांचा सल्ला आवश्यक आहे.