मामेभावाला रेटिनायटिस पिग्मेंटोसा (डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आनुवंशिक आजार) आहे, त्याच्या बहिणीशी माझं लग्न ठरतंय. जनुक चाचणी करावी का?

जरूर करा, पण सुरुवात तुमच्यापासून नको. आधी मामेभावाचं रक्त तपासा. या आजारामागे 80हून जास्त जनुकं आहेत. त्याच्यात नेमका दोष सापडला की तुम्हा दोघांत तेवढाच शोधायचा, खर्चही कमी येतो.

निपाणी काय, खानापूर काय, आपल्याकडं मामाची मुलगी हक्काची मानतात, म्हणून हिशेब नीट मांडतो. आईवडील दोघांकडून जनुकाची सदोष प्रत आल्यावरच होणारा प्रकार असेल, तर मुलगी स्वतः निरोगी असूनही वाहक (म्हणजे एक सदोष प्रत बाळगणारी) असण्याची शक्यता 2/3, तुमची आईकडून 1/4. दोघंही वाहक निघालात तर प्रत्येक अपत्याला धोका 25 टक्के. दोघांपैकी एकजण जरी वाहक नसेल, तर काळजी जवळपास संपलीच.

दोष एक्स गुणसूत्रावर असला तर गणितच बदलतं. मुलगी वाहक असल्यास तिच्या प्रत्येक मुलग्याला धोका 50 टक्के, मग लग्न नात्यात होवो की बाहेर!

तुमची ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) नॉर्मल आली तरी निर्धास्त होऊ नका. त्या स्कॅनमध्ये पडद्याचे थर दिसतात, वाहकपण दिसत नाही.

भावासाठीही हा रिपोर्ट मोलाचा आहे. 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेला जनुक उपचार फक्त आरपीई65 जनुकातल्या दोषावर चालतो.

रिपोर्ट जनुकीय समुपदेशकाला दाखवा, मगच सुपारी फोडा.