मुलाच्या किडलेल्या दुधाच्या दाढेला रूट कॅनाल करावे की ती काढून टाकावी?

आपल्या साडेपाच वर्षांच्या मुलाच्या खालच्या शेवटच्या दुधाच्या दाढेला खोल कीड लागली आहे, डॉक्टरांनी रूट कॅनाल आणि स्टीलची टोपी सुचवली आहे आणि ‘दाढ पडणारच आहे, मग एवढा खर्च कशाला’ असे घरचे म्हणत आहेत, असे आपण लिहिले आहे. हेच वाक्य आमच्या घरात नऊ वर्षांपूर्वी ऐकले होते, म्हणून लिहायला बसले.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. दाढेवरचा काळा ठिपका मला गणपतीच्या आधीच दिसला होता, परंतु ‘दुधाच्या दातात कोणी सिमेंट भरते का?’ असे म्हणून सासऱ्यांनी तो विषय तिथेच मिटवला. दिवाळीपर्यंत ठिपक्याचा खड्डा झाला. भाऊबीजेच्या रात्री ठणक्याने ती दोन वाजता उठून बसली. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून सकाळ काढली, तोवर उजवा गाल जबड्याच्या कडेपर्यंत सुजला होता. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितले की दाढ अजून वाचेल, आणि काढायचीच असेल तर जागा राखण्यासाठी स्पेस मेंटेनर बसवावा लागेल. घरच्यांनी दाढ काढायला लावली आणि स्पेस मेंटेनर हा डॉक्टरांचा धंदा ठरवला. मी विरोध केला, पण पुरेसा केला नाही.

ही दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते, म्हणजे आपल्या मुलाला अजून चार-पाच वर्षे तरी तिनेच चावायचे आहे. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात. तिच्या पुढची ही दुधाची दाढ अकाली काढली की ही कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची वाट अडते. मुलगी 11 वर्षांची असताना डॉक्टरांनी तिच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा माझ्या हातात दिला. डाव्या बाजूला जिथे पूर्ण दाढ बसली होती, तिथे उजव्या बाजूला माझे नखही जेमतेम शिरत होते. पुढे तिला 22 महिने तारा लावाव्या लागल्या आणि त्याचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट झाला.

लहान मुलांच्या रूट कॅनालमध्ये मोठ्यांसारखे न विरघळणारे साहित्य भरत नाहीत. मुळांबरोबर झिजून जाईल अशी पेस्ट भरतात, त्यामुळे कायमचा दात अडेल ही भीती बाळगू नये.

‘आमच्या पिढीला असले काही लागले नाही’ हे सासऱ्यांचे म्हणणे मला आजही मान्य नाही. त्यांनी आयुष्यभर मशेरी लावली, स्केलिंगने, म्हणजे दातांवर साचलेला थर खरवडून काढल्याने, दात सैल होतात म्हणून ते कधी करून घेतले नाही आणि 58 व्या वर्षी त्यांना पूर्ण कवळी बसवावी लागली. रोज रात्री ती पाण्याच्या वाटीत ठेवलेली मी पाहते. स्केलिंगने दात सैल होत नाहीत. हिरड्यांच्या रोगाने हाडाचा आधार आधीच गेलेला असतो. दातांवरचा दगडासारखा थर निघाल्यावर तो सैलपणा केवळ जाणवू लागतो.

मी डॉक्टर नाही, हेही सांगायला हवे. मुळे बरीच झिजली असतील किंवा संसर्ग खालच्या कायमच्या दातापर्यंत पोहोचला असेल, तर दाढ काढणेच योग्य ठरते. मात्र तेव्हा जागा कशी राखणार, हे त्याच भेटीत विचारावे. खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतात. चंदेरी टोपीवरून मुले चिडवतील अशी शंका घरात कोणी काढली, तर मुलाला आरशासमोर हसायला सांगावे. इतक्या मागची दाढ सहसा दिसत नाही.