गाण्याचा ‘आत्मा’ की लागलेला सूर?

एका वाचकाने विचारलंय: ‘“आधुनिक संगीताने आपला आत्मा गमावला आहे” असं वाक्य मी लेखात लिहिलं. मित्राने “हे इंग्रजी झालं” म्हणून खोडलं. मराठीत गाण्याला आत्मा नसतो का? मग जीव लिहू की प्राण?’

मित्राचं अर्धं बरोबर आहे. कलेच्या चर्चेत ‘आत्मा’ आपल्याकडे हजार वर्षांहून जुना आहे. संस्कृत काव्यशास्त्रात वामनाने रीतीला, म्हणजे पदरचनेच्या शैलीला, काव्याचा आत्मा म्हटलं, आनंदवर्धनाने ध्वनीला, म्हणजे सुचवलेल्या अर्थाला. पण तिथे तो व्याख्येपुरता येतो, काव्य कशामुळे काव्य ठरतं ते सांगायला. काल होता, आज गमावला, असा हिशेब त्यात नाही. तो हिशेब आपण इंग्रजीतून उचलला. मित्राने खोडलं ते बरं केलं, कारण दिलं ते अपुरं.

आता ‘जीव’. हा शब्द सोपा वाटतो, पण फसवा आहे. जीव ओतून गाणं, जीव तोडून गाणं, जीव लावून शिकवणं, या सगळ्यांत जीव माणसाचा आहे, गाण्याचा नाही. त्यातही ओतणं आणि तोडणं एक नव्हे. जीव तोडून गाणाऱ्याच्या कपाळावरची शीर दिसते, सूर दिसेलच असं नाही. आणि ‘आवाजात जीव नाही’ म्हटलं की मराठी माणूस आधी विचारतो, ‘काय, ताप येऊन गेला का?’ तेव्हा ‘आजच्या गाण्यात जीव नाही’ असं लिहिलंत तर गाणं अशक्त झालंय, एवढाच अर्थ आधी पोचेल. शास्त्रात ‘जीवस्वर’ म्हणून शब्द आहे, पण तो रागातल्या प्रमुख स्वराला. ‘प्राण’ मी तरी वापरणार नाही, तो भाषणात बरा.

मग गाणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या तोंडी काय असतं? मैफल संपल्यावर चप्पल शोधता शोधता लोक जे बोलतात ते आठवा. ‘आज सूर लागला होता.’ ‘पहिला अर्धा तास काही लागत नव्हतं, मग लागलं.’ ‘मारवा (राग) रंगला.’ आत्मा, जीव, प्राण यांपैकी कुणीच नाही. नाम नाहीच, क्रियापद आहे. आणि ते ‘लावणे’ नसून ‘लागणे’ आहे.

ही जोडी नीट पाहा. सूर लावणारा गायक असतो, तो कर्ता. सूर लागतो तेव्हा कर्ता सूर, आणि गायक षष्ठीत जाऊन बसतो: ‘तिचा सूर लागला.’ अगदी ‘तिचा डोळा लागला’सारखं. झोप लागते, तंद्री लागते, समाधी लागते; पुढे जाऊन फोन लागतो, लॉटरी लागते, कॉलेजच्या यादीत नंबर लागतो. आपण आपल्या बाजूने सगळं केलं तरी शेवटचा टप्पा हातात नाही, अशा ठिकाणी मराठी ‘लागणे’ वापरते. इंग्रजी ‘सोल’ गाण्याच्या आत ठेवलेली वस्तू आहे, म्हणून ती हरवू शकते. लागणं ही घटना आहे. ती त्या संध्याकाळी घडते किंवा घडत नाही.

काही वर्षांपूर्वी तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारांचा आवाज झणझणीत व्हावा म्हणून घोडी घासून घ्यायला, मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो होतो. (तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे हा धंदा सुरू केला शिकलगारांनी, म्हणजे मुळात हत्यारांना धार लावणाऱ्यांनी.) कारागिराने घोडीचा (ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा) माथा कानशीने दोनदा घासला, बोट फिरवून पाहिलं, तार छेडली. टण्ण. पुन्हा घासला. मग तारेखाली सुती दोरा सरकवला आणि तार छेडत तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहिला. एका जागी तोच ठोकळा आवाज एकदम पसरला, झणझणत लांबला. ‘आता बोलाय लागली बघा,’ तो म्हणाला. दोरा तोच, तार तीच. या ‘जवारी’चं नातं बरेच जण ‘जीवा’शी जोडतात, आणि दक्षिणेकडे त्या दोऱ्याला ‘जीवा’च म्हणतात. तुमच्या प्रश्नातला ‘आत्मा’ कुठे हाताला लागत असेल तर त्या दोऱ्याखाली.

तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून गंधार (‘ग’) ऐकू येतो. गंधाराची तारच तंबोऱ्यात नाही. खर्जाच्या पाचपट कंपनांचा, त्याच तारेतून आपोआप निघणारा उपस्वर तो, जवारीने उजळून वर येतो. गवई त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. लावत कुणी नाही, लागतो.

आज घरोघरी रियाज मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर चालतो, माझाही. गंमत म्हणजे क्रियापद तेच राहिलंय. ‘तंबोरा लाव’ म्हणजे पूर्वी पाव तास खुंट्या पिळणं आणि मणी सरकवणं. आता ‘तानपुरा लाव’ म्हणजे रेडिओ लावावा तसं बटण दाबणं. मात्र ‘मोबाइलवरचा तानपुरा आज काय लागलाय!’ हे मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तो न लागण्याची सोयच नाही. ऑटोट्यूनचं तेच. १९९७ साली ते आलं, तेव्हापासून चुकलेला सूर गाणं ध्वनिमुद्रित झाल्यावर जागेवर बसवता येतो. सूर लावलेला मिळतो, अचूक मिळतो.

म्हणून आधुनिक संगीत मेलं का? पेटीबद्दलही लोक असंच म्हणत. पट्ट्यांवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केलं ते १९७१पर्यंत. इकडे आमच्या नाट्यसंगीताचं पान तिच्याशिवाय हलत नव्हतं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांच्या. रात्र-रात्र गाणारा माणूस यंत्राच्या मापात बसवलेला. १९३७ साली ते गेले, आणि त्या खरखरीतूनही सूर लागलेला अजून ऐकू येतो. तेव्हा दोष सरसकट यंत्राला देता येत नाही. आजही एखाद्या स्वतंत्र गाणाऱ्या पोरीचा खोलीत बसून मुद्रित केलेला आवाज कानाला लागतो (हाही ‘लागतो’च) आणि एखादी नामांकित मैफल कोरडी जाते.

तेव्हा तुमच्या वाक्यात आत्म्याच्या जागी जीव घालून भागणार नाही, वाक्यच मोडावं लागेल. ‘हल्लीची पुष्कळ गाणी सुरात असतात, पण सूर लागत नाही,’ असं काहीसं लिहा. ‘सुरात असणे’ आणि ‘सूर लागणे’ यातलं अंतर मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. अडचण एकच: असं लिहिलं की वाचक लगेच विचारतो, कोणाचा लागला नाही, कुठे ऐकलंत? ती नावं तयार ठेवा.