ऑडिट येतंय म्हणून रजिस्टर भरायला बसू नका

प्रश्न : मी एका कॉन्ट्रॅक्टर फर्ममध्ये ज्युनिअर इंजिनिअर आहे, सहा मजली बिल्डिंगचं काम चालू आहे. पुढच्या आठवड्यात क्लायंटकडून प्रोजेक्ट ऑडिट, म्हणजे कामाची, नोंदींची आणि बिलांची तपासणी आहे. क्यूब रजिस्टरमधे (काँक्रीटची ताकद तपासायला भरलेल्या नमुना-ठोकळ्यांची नोंद) मधल्या दोनेक महिन्यांच्या एंट्र्या नाहीत आणि हिंड्रन्स रजिस्टर (कामात आलेल्या अडथळ्यांची नोंद) तर कोरंच आहे. आमचे पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) म्हणतात दोन रात्री बस आणि भरून टाक, सगळीकडे असंच चालतं. ऑडिटवाल्यांना खरंच एवढं कळतं का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : कळतं हो. आणि कळायला त्यांना फार डोकंही लावावं लागत नाही.

तुमच्या पीएमना वाटतंय की ऑडिटर रजिस्टर उघडणार, पानं भरलीयत का बघणार आणि चहा पिऊन जाणार. काही जण जातातही तसे, नाही असं नाही. पण जरा मुरलेला माणूस आला तर तो एकच स्लॅब पकडतो, समजा तिसऱ्या मजल्याचा, आणि त्या एका स्लॅबचे सगळे कागद टेबलावर मागतो : पोअर कार्ड (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीचा कागद), आरएमसीची म्हणजे प्लांटवरून आलेल्या तयार काँक्रीटची चलानं, गेटवरचं वॉचमनचं रजिस्टर, क्यूब रजिस्टर, एमबीतली (मेजरमेंट बुक) मोजमापं आणि ज्या आरए बिलात (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने लावलेलं बिल) त्या काँक्रीटचे पैसे घेतले ते बिल. यातले निम्मे कागद तुमच्या हातात नसतातच. चलानावर गाडी नंबर, वेळ, ग्रेड (काँक्रीटची ठरलेली ताकद), किती घनमीटर सगळं छापलेलं असतं, त्याची एक कॉपी प्लांटवाल्याकडे असते.

आता आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटला चार नमुने लागतात आणि एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे ४० घनमीटरच्या स्लॅबला १२ क्यूब झाले, हे २८ दिवसांनी तोडून तपासायचे, सात दिवसांनी तपासायचे घेत असाल तर ते वेगळे. रात्री बसून लिहिणारा माणूस इथेच घसरतो. एकतर क्यूबचा आकडा चुकतो, नाहीतर २८ दिवस मोजून आलेली तारीख नेमकी लक्ष्मीपूजनाची निघते, लॅब बंद. नाहीतर सगळे रिझल्ट एकसारखे, ३१.२, ३१.४, ३१.३... काँक्रीट इतकं शहाण्यासारखं वागत नाही, खऱ्या रजिस्टरमधे एखादा रिझल्ट तरी डोळ्यात खुपतोच. आणि सगळ्यात मजा म्हणजे सही त्या इंजिनिअरची, जो तेव्हा जॉइनच झालेला नव्हता!

मग करायचं काय? रिकामं आहे ते रिकामंच ठेवा आणि त्याच्या शेजारी आजची तारीख टाकून लिहा की अमुक ते अमुक काळात क्यूब घेतले नाहीत किंवा घेतले पण नोंद सापडत नाही, जे खरं असेल ते. पण नुसतं लिहून भागणार नाही, कारण मुद्दा रजिस्टरचा नाहीच, त्या दोन महिन्यांत ओतलेल्या कॉलम-स्लॅबचा आहे. तर ऑडिटच्या आधीच स्ट्रक्चरल कन्सल्टंटला सांगून रिबाउंड हॅमर आणि यूपीव्ही (काँक्रीट न फोडता करायच्या चाचण्या, एक हातोडीच्या उसळीची, दुसरी ध्वनिलहरींची) करून घ्या, शंका आली तर कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले काँक्रीटचे नमुने काढा. कोअरचा नियम ठरलेला आहे, कमीत कमी तीन, सरासरी त्या ग्रेडच्या ८५ टक्के तरी यायला हवी आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. ऑडिटर समोर बसला की त्रुटी आणि तिच्यावर काय केलं दोन्ही एकदमच ठेवा, रिपोर्टमधे ते येणारच, पण ‘उणीव आढळली, कारवाई सुरू’ आणि ‘नोंदी बनावट’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या शेऱ्यानंतर तुमचा खरा कागदसुद्धा कोणी खरा मानत नाही.

हिंड्रन्स रजिस्टरचं मात्र मला जास्त वाईट वाटतं, कारण ते ऑडिटरसाठी नसतंच मुळी, ते तुमच्याच फर्मच्या फायद्याचं असतं. ड्रॉइंग उशिरा आलं, पावसाने काम बंद राहिलं, क्लायंटने जागाच मोकळी करून दिली नाही, हे त्या-त्या दिवशी लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतल्या असत्या तर मुदतवाढ मागताना पीएमना रडायला लागलं नसतं. आता मागच्या तारखा टाकून भरलंत तर समोरचा सही कशाला करेल? त्यापेक्षा जुन्या ईमेल, व्हॉट्सॲपवरचे फोटो, डीपीआर (रोजचा प्रगती अहवाल) यांतून जे मिळेल त्याची वेगळी यादी करा, वर लिहा की ही नंतर केलेली यादी आहे. आजपासूनचं रजिस्टर आजपासून.

पीएमना मेलवर विचारा, तोंडी नको. ‘मागील नोंदी कोणत्या आधारावर भरायच्या’ एवढंच. बहुतेक वेळा अशा मेलला उत्तर येत नाही आणि विषय तिथेच संपतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीचं मोठं रिपेअरिंग चालू आहे. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय, दरवर्षी सीएचं ऑडिटही होतं, मग काही सभासद आणखी प्रोजेक्ट ऑडिट कशाला मागतायत?
– सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : सभासद बरोबर आहेत. स्ट्रक्चरल ऑडिटने बिल्डिंगला काय झालंय ते सांगितलं, सीए व्हाउचर आणि ठराव बघणार. पण बिलात लावलेलं पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीचा खास मसाला) खरंच तेवढं आणि तेवढ्या जाडीचं लागलंय का, हे या दोघांपैकी कोणीच बघत नाही, ते प्रोजेक्ट ऑडिटमधे बघतात. आणि रिपेअरिंगमधे प्लास्टर ठोकत गेलं की क्वांटिटी वाढतेच, अंदाजपत्रक तिथेच फुगतं. म्हणून कन्सल्टंट, कॉन्ट्रॅक्टर आणि कमिटीतला एक जण असे तिघांनी मिळून मोजमाप घ्या, तेही प्लास्टरने झाकायच्या आधी, गंजलेल्या सळ्या दिसत असतानाचे फोटो फ्लॅट नंबर टाकून ठेवा. एकदा रंग लागला की मग कोणताही ऑडिटर आला तरी त्याला फक्त रंगच दिसणार. आणि एवढं तरी होईपर्यंत पुढचं बिल पास करू नका, कॉन्ट्रॅक्टर थोडा कुरकुरेल, कुरकुरू दे.