४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का?

नाही, ही संयुक्त संख्या आहे: ६४१ × ६७,००,४१७. दोन्ही अवयव मूळ असल्याने विभाजक फक्त चार: १, हे दोन आणि ती संख्या स्वतः.

फसायला होतं कारण २, ३, ५, ७, ११ यांपैकी कशानेच भाग जात नाही. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ वाटली होती. ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये अवयव दाखवले. त्याची युक्ती झकास आहे. हिचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, म्हणून तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच काम झालं! नाहीतर ६५,५३६ (या संख्येचं वर्गमूळ साधारण इतकं) पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या चाळत बसावं लागलं असतं.

भागाकार न करताही पटवता येतं. ६४१ = ५×१२८ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५×१२८ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), आणि त्याच्या चौथ्या घाताची १. तो चौथा घात म्हणजे ६२५ × (२ चा २८ वा घात). पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ६२५ च्या जागी −१६ चालतं. तसं केलं की २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते. त्यात १ मिळवला की शून्य.

फक्त प्रोग्राम लिहून तपासणार असाल तर ३२ बिटांचा पूर्णांक वापरू नका. बिनचिन्हाच्या (unsigned, म्हणजे ऋण संख्या नसलेल्या) प्रकारात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मावतं, त्यामुळे ही संख्या गुंडाळून चक्क १ होते.